पेटीच्या झाकणातली लक्ष्मी

औंधच्या पंचक्रोशीत माझे आजोळ. तिथल्या घराच्या माळ्यावर एक सागवानी पेटी आहे. पितळी कड्या, कोपऱ्यांना पत्र्याच्या पट्ट्या, बाहेरून काही म्हणजे काही नक्षी नाही. झाकण उघडले की आत लक्ष्मी उभी. गुलाबी कमळावर, चार हातांची, रविवर्म्याची ती सगळ्यांच्या ओळखीची लक्ष्मी. मात्र तिच्या मागचे पाणी नाही, झाडी नाही आणि डावीकडून सोंडेत माळ घेऊन येणारा हत्तीही नाही. कुणीतरी ती चित्रातून कातरून काढली आणि लाकडावर चिकटवली. भोवती कातरलेल्या पानांची महिरप आहे, वर कोपऱ्यांत दोन गुलाब. ते गुलाब दुसऱ्याच कुठल्यातरी कागदावरचे, बहुधा विलायती, कारण त्यांचा तांबडा रंग लक्ष्मीच्या लुगड्याशी कुठेच जुळत नाही.

जवळून पाहिले की कातरणाऱ्याचा हात दिसतो. पदराच्या घोळाशी कात्री सफाईने वळली आहे, पण वरचा हात आणि मुकुट यांच्यामधल्या बोळात तिला शिरता आलेले नाही. तिथे मूळ चित्राचा हिरवट तुकडा तसाच अडकून राहिला आहे. आणि देवीच्या अंगाभोवती जोंधळ्याच्या दाण्याएवढी कड सगळीकडे मुद्दाम राखलेली. मी आधी याला अडाणीपणा समजत होतो. मामीने एका वाक्यात उलगडा केला: "देवीच्या अंगाला कात्री लागायला नको, म्हणून." भंगलेली तसबीर घरात ठेवत नाहीत, मग बोट कातरले गेलेली लक्ष्मी पेटीत कशी ठेवणार?

एकदा मी शहाणपणा केला. धूळ फार बसली म्हणून ओले फडके फिरवले. पहिल्या हातातच महिरपीचे एक पान फडक्याला चिकटून आले. त्याखाली वर्तमानपत्राचा कागद निघाला, लाकडाच्या भेगा बुजवायला आधी लावलेला. त्यावर उसाच्या चरकाची अर्धी जाहिरात होती. कारखान्याचे नाव आणि अंकाची तारीख नेमकी फाटलेल्या भागात. तेव्हापासून ती पेटी मी कोरड्या कुंच्याने झाडतो आणि तिचा काळ ठरवायचा नाद सोडून देतो. दर दिवाळीत तो पुन्हा लागतो.

या कामाला मराठीत धड नाव नाही. कात्रण म्हटले की आपल्याला वर्तमानपत्र आठवते. युरोपात त्याला नाव आहे, इतिहास आहे आणि थोडा तोराही आहे. अठराव्या शतकात व्हेनिसच्या श्रीमंतांना चीन-जपानच्या लाखकामाचे वेड लागले. ते सामान महाग आणि यायला वर्ष-वर्ष लागे. स्थानिक कारागिरांनी नक्कल सुरू केली, पण हाताने रंगवणारे चितारीही स्वस्त नव्हते. मग युक्ती निघाली. बासानो गावच्या रेमोंदिनी छापखान्याने कातरण्यासाठीच चित्रांचे ताव काढले. ते रंगवायचे, कातरायचे, कपाटावर-मेजावर चिकटवायचे आणि वरून चंद्रुसासारख्या राळेच्या रोगणाचे हातावर हात द्यायचे. कागदाची कड बोटाला लागेनाशी झाली की काम झाले. या कलेचे इटालियन नाव ‘लाक्का पोवेरा’, म्हणजे गरिबाचे लाखकाम. गरीब म्हणजे कोण, तर ज्याला चीनचे कपाट परवडत नाही पण व्हेनिसमध्ये हवेली आहे असा.

लंडनच्या रॉबर्ट सेयरने 1760 च्या सुमारास घरंदाज बायकांसाठी याच कामाच्या नमुन्यांचे जाडजूड पुस्तक काढले. फ्रान्सच्या दरबारात बायका नामवंत चित्रकारांची चित्रे कातरून खोक्यांवर लावत. मेरी डेलनी नावाच्या बाईने तर बहात्तराव्या वर्षी कात्री हातात घेतली आणि नजर अधू होईपर्यंत रंगीत कागद कातरून 985 फुले केली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या छापखान्यांनी आधीच साच्याने कापलेली, उठावाची, रंगीत चित्रे विकायला काढली, आणि कात्रीचेही काम उरले नाही.

आपल्याकडे लाकूड रंगवायचे तर तो चिताऱ्याचा प्रांत. सावंतवाडीची चितारआळी अजून त्याच नावाने ओळखली जाते. तिथले चितारी पाट, पाळणे, देव्हारे, गंजिफा असे सगळे रंगवीत. गंजिफेच्या पानाला कापडावर चिंचोक्याची खळ द्यायची, खडूचा लेप द्यायचा, घोटायचे, मग रंग आणि शेवटी लाख. इकडे साताऱ्याकडे कृष्णाकाठी मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यात भिंती रंगवलेल्या आहेत. ही रंगारी माणसे वाड्याला आणि देवळाला परवडत. शेतकऱ्याच्या किंवा गावच्या भिक्षुकाच्या घरात लाकूड तेल पिऊन काळे होई, तोच त्याचा रंग. मुलीच्या लग्नात रंगवलेला पाट आला तर तो खुंटीला टांगून ठेवायचा, त्यावर बसायचे नाही.

त्या घरात रंग शिरला तो कागदावर बसून.

1878 मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर, वासुदेवराव जोशी आणि मंडळींनी चित्रशाळा काढली. शिळाछाप, म्हणजे गुळगुळीत दगडावर चित्र काढून त्यावरून कागद छापायचा. रामपंचायतन, नाना फडणवीस, शिवाजीमहाराज अशी चित्रशाळेची चित्रे घरोघर गेली. त्यांचे रंग थोडके आणि ठसठशीत असत. ती चित्रे मला फार आवडतात. रविवर्म्याच्या गुळगुळीत देव्यांपुढे ती रांगडी दिसतात, पण त्यांच्या कडा स्वच्छ आहेत. कातरणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर ते फार सोयीचे. आकृती कुठे संपते आणि पार्श्वभूमी कुठे सुरू होते याचा घोळ नाही.

मग 1894 मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला. जर्मनीहून यंत्रे आली, कारागीर आले. तैलचित्रासारखा भास व्हावा म्हणून एकेका चित्राला डझनभर किंवा जास्तच दगड लागत. प्रत्येक रंगछटेला वेगळा. एका दगडावरचा कागद उचलून दुसऱ्यावर नेमका बसवायचा, केसभर सरकला की देवीच्या डोळ्याला दोन बुबुळे. शेवटी वर रोगणाची चकाकी. ‘शकुंतलाजन्म’ हे पहिले चित्र, मग लक्ष्मी, सरस्वती आणि पुराणातली सारी मंडळी. मुंबईतल्या प्लेगच्या दिवसांत छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. धंदा काही जमला नाही आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. श्लायखरने मात्र तो चालवून दाखवला. देव्या आता जाहिरातींवर आल्या, दिनदर्शिकांवर आल्या. त्याच काळात गिरण्यांच्या कापडाच्या ताग्यांवर रंगीत लेबले येत. देव, राजे, मोर, वाघ. कापड घेणाऱ्याला ती फुकट. टाकून द्यायला हात धजू नये अशीच ती असत.

घराघरांत या कागदांचे काय झाले हे पाहिले की मजा वाटते. छापखान्याने चित्र पुरे करून पाठवले. लोकांनी ते अपुरे मानले. बायकांनी लक्ष्मीच्या छापील लुगड्यावर खरी जर शिवली, मुकुटाला टिकल्या लावल्या, गळ्यात मणी ओवले. मूर्तीला वस्त्रे नेसवावीत तशी चित्राला नेसवली. अशी सजवलेली चित्रे आज संग्राहक शोधत फिरतात. तिकडे नाथद्वाऱ्याला चितारी विलायती बागेचे छापील चित्र घेत, त्यावर श्रीनाथजी रंगवीत आणि शेजारी यजमानाचा कापलेला फोटो चिकटवीत. म्हणजे चित्र अखंड राहिले पाहिजे ही श्रद्धा फक्त चित्रकाराची. घेणाऱ्याने कात्री, सुई, खळ, जे हाताशी असेल ते चालवले.

लाकडावरच्या कातरकामाची कृती घरगुतीच. गव्हाच्या पिठाची किंवा चिंचोक्याची खळ शिजवायची. बुकबांधणी करणारे तीत चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे कसर लागत नाही. कागद ओलसर करायचा, खळ लाकडालाही लावायची आणि कागदालाही. मधून बाहेर बोळ्याने दाबत हवा काढायची. नाहीतर वाळल्यावर फोड येतात. आमच्या लक्ष्मीच्या उजव्या गालावर असा एक आहे, देवी आल्यासारखा. वरचे रोगण सुताराकडून. तो चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून चिंधीने फिरवी. व्हेनिसचे वीस-वीस हात इथे कुणी दिले नाहीत. पेटीला एकच हात दिलेला दिसतो, तोही काळाने मधासारखा पिवळा झाला आहे. गणपतीच्या मखराला पताकी कागद दुमडून जाळीदार कातरणारे हात गावागावांत होतेच. त्या हातांना पेटीवरची महिरप म्हणजे वर्षभर टिकणारे मखर.

आता औंध. या गावाचे वैशिष्ट्य असे की इथे राजाच चितारी होता. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, लोकांचे बाळासाहेब, 1909 मध्ये गादीवर आले. सूर्यनमस्कार, कीर्तन आणि चित्रे ही त्यांची तीन वेडे, आणि तिन्ही त्यांनी प्रजेच्या माथी मारली असे म्हटले तरी कुणी रागावणार नाही. 1916 मध्ये त्यांनी स्वतः रंगवलेले ‘चित्ररामायण’ छापून निघाले. 1918 मध्ये भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी लाख रुपये कबूल केले आणि तिच्यासाठी चित्रेही काढली. संस्थान केवढे, तर चार ठिकाणी विखुरलेले: औंध, आटपाडी, कुंडल आणि तिकडे विजापूरकडचे गुणदाळ. स्वतःच जणू कातरून चिकटवलेले. 1939 च्या आरंभी याच राजाने आपला अधिकार सोडून प्रजेला स्वराज्याची घटना दिली. ती गोष्ट मोठी आहे आणि ती इतरांनी सांगितली आहे.

बाळासाहेबांच्या बोलावण्यावरून 1918 मध्ये पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधला आले. आज लोक त्यांना वेदांचे भाष्यकार म्हणून ओळखतात. पण पोट त्यांनी बराच काळ कुंचल्यावर भरले होते. जन्म 1867 चा, सावंतवाडीजवळच्या कोलगावचा. चित्रकलेचे पहिले धडे सावंतवाडीतले, मग मुंबईची जे. जे. कलाशाळा, पुढे हैदराबाद आणि लाहोरात व्यक्तिचित्रांचा धंदा. रंगवलेल्या लाकडाच्या गावातून निघालेला माणूस फिरत फिरत औंधला आला आणि इथे त्याने स्वाध्याय मंडळ थाटले, छापखाना थाटला. रंग ठेवून शाई हातात घेतली म्हणा ना.

आणि तिसरा माणूस, ज्याच्यावाचून ही गोष्ट मला सांगताच येत नाही, तो रंगांधळा होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले. काही रंग आपल्याला नीट ओळखताच येत नाहीत असे लक्षात आल्यावर रंगकाम सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि ते शिकवू लागले. पुढे बेळगावचे दुकान हलवावे लागले तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिले, वर दहा हजारांचे कर्ज. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंग आणि सापांच्या माळावर लोखंडी नांगर, चरक, रहाट आणि पुढे लोखंडी फर्निचरही बनू लागले. रंगवणाऱ्या राजाने रंग न दिसणाऱ्या माणसाला जमीन दिली, आणि त्या जमिनीवर जे सामान झाले त्यावर ना चिताऱ्याचे काम चाले ना कागदाचे. लोखंडी कपाटाला खळ धरत नाही.

याच वाडीतून 1920 पासून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले, पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ झाले, 1930 मध्ये ‘स्त्री’ आले, 1934 मध्ये ‘मनोहर’. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार, सातवळेकरांकडे लाहोरात शिकलेले. त्यांच्या मासिकांची मुखपृष्ठे महिन्याच्या महिन्याला संस्थानातल्या आणि बाहेरच्या घरांत जाऊन पडत होती. आता कातरण्यासाठी देवी लागत नव्हती. नऊवारीतली सायकल चालवणारी बाईही कपाटाच्या दारात लागू शकत होती. लागली का? माझ्या आजोळी तरी नाही. तिथे मासिके बांधून ठेवली जात, कात्री लावणाऱ्याला रट्टा मिळे. बहुधा देवी स्वस्त होती आणि ‘स्त्री’ वर्गणीची.

1938 मध्ये बाळासाहेबांनी औंधच्या यमाई देवीच्या डोंगराच्या अर्ध्यावर श्री भवानी चित्रसंग्रहालय उघडले. रविवर्म्याची मूळ चित्रे, चित्रकार धुरंधरांची कामे, पहाडी लघुचित्रे, हस्तिदंती काम, पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे दगडातले ‘आई आणि मूल’ तिथे ठेवले. मूरचे काम औंधसारख्या गावी असणे ही आजही चकित करणारी गोष्ट आहे. यमाईला जाणारा शेतकरी पायऱ्या चढता चढता मूळ रविवर्मा पाहून पुढे जाई. हे मी थोर मानतो. एका राजाने असे चित्र देवीच्या वाटेवर टांगले. बाळासाहेबांना नकलेचे वावडे नव्हते, हेही लक्षात घ्या. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला त्यांनी करवून घेतल्या, विलायती चित्रांच्या मागवल्या. पण संग्रहालयाच्या कुठल्याही दालनात मला कागद लावलेली पेटी दिसलेली नाही. नक्कल चालते, कातरलेले चालत नाही. संग्रह करणाऱ्याच्या नजरेला ते चित्र नव्हे आणि फर्निचरही नव्हे. कपड्यांच्या पेटीचे झाकण.

यात एक गंमतीदार अन्याय आहे. शिळाछाप चित्राच्या खाली पांढऱ्या पट्टीत छापखान्याचे नाव असते, कधी गाव, कधी चित्राचा क्रमांक. अभ्यासक आधी ती पट्टी पाहतो. कातरणारा सर्वांत आधी तीच पट्टी कापून टाकतो. म्हणजे हे काम करताना पहिल्याच घावाला स्वतःचा पुरावा नाहीसा होतो. चित्रशाळेचा इतिहास लिहिला गेला, रविवर्म्याचा तर कितीदा. मळवलीचा छापखाना 1972 मध्ये आगीत गेला त्याचीही हळहळ लिहिली गेली. दगडावर उलटे चित्र काढणारे जर्मन कारागीर नावानिशी सापडतात. घरात दुपारच्या वेळी चौकात बसून लक्ष्मीच्या पदराशी कात्री वळवणारी जी कोण होती, तिचे नाव कुठे नाही. ती बाईच होती असेही मी ठामपणे म्हणणार नाही. महिरपीची पाने मात्र मखराच्या पानांसारखीच दुमडून कातरलेली आहेत. उजवे आणि डावे पान एकमेकांवर ठेवले तर तंतोतंत बसते.

आणि जे उरायचे ते तरी किती उरले? गांधीहत्येनंतर, फेब्रुवारी 1948 च्या पहिल्या आठवड्यात, सातारा-सांगली-कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरे आणि वाडे पेटवले गेले. किर्लोस्करवाडीवरही जाळपोळ झाली. वाडा जळाला म्हणजे आधी छप्पर, मग माळा, आणि माळ्यावरच्या पेट्या. रोगण लावलेला कागद सगळ्यात आधी पेट घेतो. महिन्याभरातच, 8 मार्च 1948 ला, औंध संस्थान विलीन झाले. सातवळेकर त्याच साली गुजरातेत पारडीला गेले. बाळासाहेब 1951 मध्ये वारले. पुढच्या दोन पिढ्यांनी माळे उतरवले, पेट्या भंगारवाल्याला पितळी कड्यांच्या भावाने गेल्या, आणि जिथे लाकूड चांगले होते तिथे सुताराने रंधा मारून आतला कागद साफ केला. नव्या पॉलिशखाली सागाचा दाणा छान दिसतो, यात शंका नाही. शहरातल्या एका ओळखीच्या घरी अशी तासलेली पेटी चहाचे टेबल म्हणून ठेवलेली आहे. मी झाकण उचलून पाहिले. आत मखमल.

गेल्या पौषात यमाईच्या यात्रेला गेलो तेव्हा आजोळी राहिलो. मामी फडताळ आवरत होती. स्वयंपाकघरातले भिंतीतले फडताळ, त्याची दारे निळ्या ऑइलपेंटची. पेंट पोपडे होऊन निघाला आहे म्हणून रंगारी बोलावणार होती. खालच्या फळीशी, पाच वर्षांच्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर, निळ्या पोपड्याखाली काहीतरी करडे दिसले. नखाने हळूच खरवडले. कान निघाला, मग सुळा. कड वेडीवाकडी, दातरी, मोठ्याच्या हाताची नव्हेच. कुठल्याशा पोराने उरलेला कागद मागून घेतला असेल आणि त्याला कात्री धरू दिली असेल. सोंड वर उचललेली आहे आणि सोंडेत माळ.

मामी म्हणाली, "रंगाऱ्याला सांगू का, तेवढे दार सोड म्हणून?"